डेप्युटेशनचं पत्र: जाण्याआधी परत येण्याचं कलम वाचा

दर काही महिन्यांनी पुण्यात माझ्याकडे कुणी ना कुणी डेप्युटेशनचं, म्हणजे कंपनीनं ठरावीक काळासाठी परदेशी कामाला पाठवण्याचं, पत्र घेऊन येतं. कधी भाच्याचा मित्र, कधी जुन्या ऑफिसातली मुलगी. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, एवढ्या युरोत भागेल ना?" मी पत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. कारण २०१४ साली मीही फक्त युरोचा आकडा पाहून सही केली होती.

स्टुटगार्टला अठरा महिन्यांचं काम होतं. सातव्या महिन्यात क्लायंटनं प्रकल्प थांबवला. माझ्या पत्रात एकच ओळ होती: "कंपनीला आवश्यक वाटेल तेव्हा कर्मचाऱ्याला परत बोलावता येईल." दहा दिवसांनंतरचं तिकीट हातात आलं. घर मात्र माझ्या नावावर होतं. जर्मनीत बेमुदत भाडेकरार सोडताना भाडेकरूला साधारण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि अनामतही मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेतात. रिकाम्या घराचं भाडं मी पुण्यात बसून भरलं. पुण्यात माझ्या जागी दुसरा माणूस होता. दोन महिने बेंचवर, म्हणजे हाती प्रकल्प नसताना, काढले, आणि रुपयातला पगार मी निघालो तेव्हाचाच राहिला. त्या वर्षीची वाढ "तुम्ही ऑनसाइट (परदेशी क्लायंटकडे) होता" म्हणून मिळालीच नाही. कंपनीनं पत्राबाहेरचं काही केलं नव्हतं. पत्रच अपुरं होतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: परतीबद्दल पत्रात काहीच नसणं. मुदतीआधी बोलावलं तर किती दिवस आधी कळवणार? उरलेलं घरभाडं, सामान, मुलांच्या शाळेची भरलेली फी कोण सोसणार? परत आल्यावर ग्रेड कुठली? तुम्ही तिकडे असताना भारतातला मूळ पगार कागदावर दरवर्षी वाढत राहणार का? हे शेवटचं लोक हमखास विसरतात, आणि पुढच्या नोकरीत "आधीचा सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार) किती?" असं विचारलं की जुना आकडा सांगावा लागतो. शिवाय तुम्हाला तिकडच्या कंपनीच्या वेतनपटावर घेणार असतील, तर भारतातली सेवा अखंड धरली जाईल हे वाक्य स्पष्ट हवं. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा मोजतात. चार वर्षं भरलेल्या माणसाचा हिशेब मध्येच तुटला तर भांडायला कागद लागतो.

सगळा भत्ता एकाच ओळीत

"मासिक पगार रुपयांत नेहमीप्रमाणे, अधिक २,२०० युरो भत्ता." अशी पत्रं मी अजूनही पाहतो. प्रश्न असा की हे २,२०० कशाचे? राहण्या-जेवणाच्या खर्चाची भरपाई, की पगार? जुलै २०२० पासून जर्मनीत, युरोपीय संघाच्या सुधारित नियमानुसार, बाहेरून पाठवलेल्या कर्मचाऱ्याच्या भत्त्यातला किती भाग पगार आणि किती खर्चभरपाई हे ठरवलेलं नसेल, तर सगळा भत्ता खर्चभरपाईच समजतात. मग तिथल्या किमान वेतनाशी तुलना होते ती फक्त रुपयातल्या पगाराची. २०२६ मध्ये जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. नव्यानं लागलेल्या इंजिनियरचा रुपयातला पगार तासावर आणून पाहा, बहुधा तिथवर पोचत नाही.

यात तुमचा फायदाच आहे. पत्रात भत्त्याचे तुकडे पाडून मागा: घर इतकं, जेवण-प्रवास इतका, परदेशातल्या कामाचा पगार इतका. आणि आजारपणाच्या रजेत यातलं काय चालू राहील तेही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा पाय बर्फावर घसरून मोडला. तीन आठवडे ती घरी होती, आणि "कामावर हजर दिवसांसाठी" या तीन शब्दांमुळे तिचा सगळा भत्ता कापला गेला. घरभाडं थांबलं नव्हतं.

दिवस मोजण्यातली गफलत

"१८३ दिवसांच्या आत परत आलो तर तिकडे कर नाही." हे अर्धं खरं आहे. दुहेरी कर टाळण्याच्या करारात तीन अटी एकत्र लागतात: तिथला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारा मालक तिथला रहिवासी नको, आणि पगाराचा बोजा तिथल्या शाखेवर पडलेला नको. तिकडच्या कंपनीनं तुमचा खर्च स्वतःच्या वहीत घेतला असेल तर पहिल्या दिवसापासून कर लागू शकतो. हे तुम्हाला सांगायचं काम एचआरचं, पण विचारायचं काम तुमचं.

भारताच्या बाजूचं गणितही असतं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिला तर तो करासाठी रहिवासी ठरतो, आणि तिकडचा पगारही इथल्या आयकर विवरणपत्रात येतो. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. आपल्याकडे माणूस गणपती करून २५ सप्टेंबरला निघतो आणि दिवाळीला दहा दिवस घरी येतो. दिवाळीचे दिवसही मोजले जातात, आणि तो रहिवासी होऊन बसतो. तिकडे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण विवरणपत्र भरणं, परदेशी खातं दाखवणं हे सगळं मागे लागतं. घरी येऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. फरकाचा कर कंपनी भरणार की तुम्ही, आणि दोन्ही देशांतल्या सल्लागाराची फी कुणाची, एवढं पत्रात लिहून घ्या.

पीएफ आणि सीओसी

भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. भारतीय कंपनीच्याच नोकरीत राहून गेलात आणि पीएफ कार्यालयाचं कव्हरेज प्रमाणपत्र, म्हणजे सीओसी, जवळ असेल तर ४८ महिन्यांपर्यंत तिथली पेन्शन वर्गणी भरावी लागत नाही. ती पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मी कर्मचाऱ्याची, निम्मी मालकाची. अर्ज कंपनीनं करायचा असतो आणि निघण्याआधी करायचा असतो. थेट जर्मन कंपनीचा स्थानिक करार घेतलात तर ही सवलत नाही. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापले जातात, आणि निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांचं काम लागतं. दोन वर्षांसाठी जाणाऱ्यानं ते पैसे खर्चातच धरावेत.

बाँडचं थोडक्यात. परत आल्यावर कंपनीत राहण्याची अट सरसकट बेकायदा असते हा गैरसमज सोडा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरीत राहण्याची अट आणि ती मोडल्यास भरायची २ लाखांची रक्कम योग्य ठरवली. रक्कम दर महिन्याला कमी होत जावी आणि कंपनीनं स्वतःहून काढलं तर बाँड संपावा, ही दोन वाक्यं मागा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये ही अट मात्र करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे सहसा टिकत नाही.

"वाद पुणे न्यायालयात" या ओळीनंही घाबरू नका. किमान वेतन, कामाचे तास, रजा याबाबत जर्मनीत पाठवलेला कर्मचारी तिथल्या कामगार न्यायालयात जाऊ शकतो.

सही आधीच झाली असेल तर? पत्र बदलायला सांगू नका, पुरवणी मागा. कंपन्यांना ती सोपी जाते. एका ईमेलमध्ये चार-पाच प्रश्न क्रमांक घालून विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. मॅनेजर फोनवर "ते बघू आपण" म्हणाला, तर त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून त्याला ईमेल टाका. आणि ऑफिसच्या ईमेलवरची सगळी पत्रं वेळेत स्वतःकडे घेऊन ठेवा. मला परतीचं तिकीट मिळालं, त्यानंतर चौथ्या दिवशी माझा तिकडचा लॉगिन बंद झाला होता.