पावसात माडाचा कोंब कुजतो, या चुका टाळा

माडाला आपण आळं करतो, शेणखत घालतो, पाणी लावतो, नारळ उतरले की मोजतो, पण वर मधल्या सुईकडे, म्हणजे न उघडलेल्या कोवळ्या पानाकडे, कोणी बघत नाही आणि कोंब कुजतो तो नेमका तिथेच. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते, माडाला वाढायचं टोकच एक, ते गेलं की खाली कितीही खत घाला काही उपयोग नाही. त्यात फसवणूक अशी की बाहेरची झापं पुढे काही महिने हिरवीगार राहतात, आधी धरलेले नारळही तयार होत राहतात, त्यामुळे अंगणातून बघणाऱ्याला माड ठणठणीत वाटतो.

म्हणून पहिली चूक हीच, खालच्या झापांवरून माडाची तब्येत ठरवणं. खालचं झाप पिवळं होऊन गळणं हे वयाप्रमाणे चालूच असतं. बघायची ती मधली न उघडलेली सुई. तिचा ताजा हिरवा रंग जाऊन ती मळकट, मग पिवळट तपकिरी दिसायला लागली, एका बाजूला कलली, की लगेच कोणालातरी वर चढवा. हाताने हलकं ओढल्यावर ती सुटून हातात आली, बुडाशी लिबलिबीत झाली असेल आणि घाण वास मारत असेल तर कोंबकुजच. लहान माडांना हा त्रास जास्त होतो आणि तिथे चढायचीही गरज नाही, शिडी लावली की दिसतं, तरीसुद्धा बघितलं जात नाही ते नाहीच.

आता सुई वाळली म्हणजे दरवेळी कोंबकुजच असं पण नाही. खोडाला भोकं आहेत, त्यातून तपकिरी चिकट रस येतोय, चावलेला भुसा बाहेर पडलाय, तर तो सोंड्या भुंगा आहे, त्याचा इलाज वेगळा. पानं चुरगळलेली, एकमेकांत अडकलेली, नीट उलगडत नाहीत पण कुजकट वास नाही, तर बहुतेक बोरॉन कमी पडलंय. हे न बघता दुकानात जाऊन नुसतं 'माडाला काहीतरी रोग झालाय, औषध द्या' म्हटलं की जे मिळेल ते मारलं जातं.

आणि मिळतं काय, तर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. दुसऱ्या बऱ्याच बुरशींवर चालतं ते, इथे नाही चालत. कोंबकुज करणारी फायटोप्थोरा पाल्मिव्होरा ही खऱ्या बुरशीच्या कुळातली नाहीच, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा वेगळाच प्रकार आहे, त्यामुळे तर तिला कोकणातला पाऊस इतका मानवतो. सुपारीवर कोळे रोग पडतो तो पण याच फायटोप्थोरा गटातला, म्हणजे कुळागरात (बागेत) माड आणि पोफळी म्हणजे सुपारीची झाडं एकत्र असतील तर सुपारीच्या फवारणीला माणूस येतो त्याच दिवशी माडाच्या सुया पण भिजवून घ्या, वेगळी मजुरी कशाला. इथे लागतं ते तांब्याचं औषध, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण. 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांसाठी निघालं म्हणून हे नाव, अजून चालतंय.

पण बोर्डो बनवण्यातच अर्धे लोक घोळ घालतात. 1 टक्का हवं असेल तर 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी, घरच्या दोन-चार माडांना 100-100 ग्रॅम आणि 10 लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात, वेगवेगळा विरघळवायचा, चुना गाळून घ्यायचा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. उलटं करू नका. लोखंडाची बादली वापरू नका, प्लास्टिकची घ्या. झाल्यावर घासून स्वच्छ केलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर कोवळी पानं भाजतील. आणि केलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी झाकून ठेवलेलं बोर्डो म्हणजे नुसतं निळं पाणी.

वेळेचं बोलायचं तर सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. गावाकडचे बरेच माड चाकरमान्यांचे, ते गणपतीला येतात, वर बघतात आणि म्हणतात अरे हा माड कसा गेला. मृगाचा पाऊस लागल्यावर हवा थंड आणि सतत ओली झाली की रोग सुरू होतो, गणपतीपर्यंत आतला गाभा संपलेला असतो. मे महिन्यात आंबे खायला येता ना, तेव्हाच एक दिवस काढा. तेव्हा सुई आणि तिच्या भोवतीची पानं न्हाऊन निघतील असा बोर्डो मारायचा, मग मध्ये उघडीप मिळाली की पुन्हा एकदा. पावसाळ्यात फवारणारा माणूस मिळत नसेल तर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्या हा चांगला उपाय आहे: छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत 5 ग्रॅम पावडर, पिशवीला बारीक भोकं, अशा दोन पिशव्या अगदी आतल्या पानांच्या बेचक्यात ठेवायच्या, पाऊस पडेल तसं औषध थोडं थोडं झिरपत राहतं. मला विचाराल तर गावात कोणी राहत नाही अशा घरांसाठी फवारणीपेक्षा हेच बरं.

गेंड्या भुंग्याकडे दुर्लक्ष ही अजून एक चूक. तो सुई पोखरतो, पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गेलेले दिसतात, आणि त्या जखमेतून कुजायला सुरुवात होते. भोकात तारेचा हुक घालून भुंगा ओढून काढा, आणि आतल्या तीन पानांच्या बेचक्यात डांबर गोळ्या ठेवून वर बारीक वाळू घाला. त्याच्या अळ्या वाढतात कुठे, तर आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात, तेव्हा खत उपसताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर कोंबड्यांना टाका, खूश होतात.

रोग लागलाच तर लगेच माड तोडायची घाई नको आणि नुसतं वरून औषध ओतणंही नको. कुजलेला भाग धारदार कोयत्याने पांढरा निरोगी गाभा दिसेपर्यंत पूर्ण काढायचा, थोडं 'असू दे' म्हणून ठेवलं की तिथून परत चालू. मग 10 टक्के बोर्डो पेस्ट भरायची (100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही एकत्र) आणि वरून प्लास्टिक सैलसर बांधायचं, पावसाचं पाणी आत जाऊ नये पण घट्ट आवळून वाफ पण धरू नये. नवीन कोंब वर येईपर्यंत ते काढायचं नाही. शेजारच्या माडांवर त्याच दिवशी 1 टक्का बोर्डो.

कोयता दुसऱ्या माडाला लावण्याआधी धुवायचा, पावसात हिरवी झापं उगाच तोडायची नाहीत. नवीन लावताना साडेसात मीटर अंतर सोडा, जागा कमी म्हणून पंधरा फुटांवर माड कोंबले की शेंडे कायम ओले राहतात.

आणि गाभा पूर्ण गेला असेल तर तो माड तसाच उभा ठेवू नका, 'पुढच्या वर्षी लाकडाला होईल' म्हणून ठेवतात लोक. लाकूड ठेवा हवं तर, शेंडा मात्र उतरवून लगेच जाळून टाका, पावसात पेटत नसेल तर खोल खड्डा काढून पुरा.