तिसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याआधी काय तपासायचं

अँड्रॉइड चांगलं की आयओएस, या वादात मी पडत नाही. दोन्ही उत्तम चालतात आणि दोन्ही आपापल्या परीने माणसाला अडकवतात. मला लोक विचारतात ते तिसऱ्याबद्दल, म्हणजे या दोन्हींऐवजी फोनवर टाकता येणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमबद्दल. उबुंटू टच टाकू का? सेलफिश कशी आहे? टिकेल का? जुन्या फोनवर दुसरी सिस्टिम चढवून बघायचा नाद असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे हमखास येतात. त्यावर फीचर्सचे तक्ते कामाचे नाहीत. मी काय बघतो ते सांगतो.

आधी हे बघा, की मालक उठून गेला तर मागे काय उरेल. विंडोज फोनमागे मायक्रोसॉफ्टचा पैसा होता. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाच त्यांनी विकत घेतला. तरी ॲपवाले फिरकले नाहीत. कंपनीने हात काढून घेतल्यावर ती सिस्टिम पुढे चालवणं कोणाच्याच हातात नव्हतं, कारण कोड कुलपात. उबुंटू टचचं उलट झालं. ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये फोनचा नाद सोडला, पण कोड खुला होता. यूबीपोर्ट्स नावाच्या गटाच्या स्वयंसेवकांनी तो उचलला आणि आजही नव्या आवृत्त्या निघतात. मोझिलाने सोडलेल्या फायरफॉक्स ओएस या फोनच्या सिस्टिमच्या कोडवर कायओएस उभी राहिली आणि बटणांच्या फोनमध्ये जाऊन बसली. म्हणून बाजारातला वाटा किती, हे नंतर बघा. कोड कोणाच्या हातात आहे, हे आधी.

सेलफिश इथे अधांतरी आहे. गाभा खुला, पण वरचा इंटरफेस फिनलंडच्या जोला कंपनीचा. अँड्रॉइड ॲप चालवणारा भागही तिचाच, आणि बऱ्याच फोनवर तो परवाना विकत घेतला तरच मिळतो. ही कंपनी २०१५ मध्ये बुडता बुडता वाचली आहे. मला याचं वाईट वाटतं, कारण हाताळायला सेलफिशइतकी सुरेख सिस्टिम मी दुसरी पाहिलेली नाही. ॲप उघडं असताना कडेवरून बोट हळूच आत न्या: ॲप बाजूला सरकतं, मागचं डोकावतं, आणि बोट परत नेलं की होतो तिथेच. मेनू वरून खाली ओढायचा. जसजसं ओढाल तसतशी एकेक ओळ उजळते, हवी त्या ओळीवर बोट उचललं की काम झालं. बटण शोधावं लागत नाही. पण सुरेख असणं आणि टिकणं यांचा संबंध फार थोडा. पाम कंपनीची फोनसाठीची वेबओएसही सुरेख होती. ती आता एलजीच्या टीव्हीत असते.

मग स्वतःकडे वळा. आठवडाभर फोनवर जे जे करता ते कागदावर उतरवा आणि त्याचे तीन गट पाडा. ब्राउझरमध्ये भागतं ते पहिल्या गटात. ॲप लागतं, पण ते कुठल्याही अँड्रॉइडवर मुकाट चालतं, ते दुसऱ्यात. अशी ॲप उबुंटू टचवरही वेड्रॉइडमधून (लिनक्सवर अँड्रॉइड ॲप चालवणारी सोय) बऱ्यापैकी चालतात. तिसऱ्या गटात बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप. यातली बरीचशी गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून खातरजमा करून घेतात: फोन कंपनीने दिला तसाच आहे ना, बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा, कंपनीने कुलूप घातलेला भाग) उघडलेला नाही ना. तिथे नापास झालात तर ॲप उघडतच नाही, आणि सिस्टिम कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. तिसरा गट रिकामा ठेवता येत नसेल, तर हाताशी एकच फोन असताना या वाटेला जाऊ नका. गूगलपासून अंतर हवं एवढाच हेतू असेल तर ग्राफीनओएस बघा. ती पिक्सेलवरच चालते, पण अँड्रॉइडच असल्यामुळे बँकेची बरीच ॲप (सगळी नाहीत) तिच्यावर चालतात.

यानंतर कॉल. हसू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. ४जीवर बोलायला व्होएलटीई (कॉलचा आवाज ४जीवरूनच नेण्याची सोय) लागतं, आणि त्याची जुळणी प्रत्येक फोनसाठी वेगळी करावी लागते. ती नसेल तर कॉल लागताना फोन ३जी-२जीवर उतरतो. जिथे ती नेटवर्कं बंद झाली आहेत तिथे कॉलच लागत नाही. यूबीपोर्ट्सच्या साइटवर प्रत्येक फोनचं पान आहे, त्यात काय चालतं नि काय नाही हे लिहिलेलं असतं. व्होएलटीई, कॅमेरा, जीपीएस या तीन ओळी आधी वाचा. ‘सपोर्टेड’ या शब्दावर भाळू नका.

त्याच बैठकीत कर्नल, म्हणजे सिस्टिम आणि फोनचे सुटे भाग यांना जोडणारा गाभा, तोही बघून घ्या. उबुंटू टच बहुतेक फोनवर हॅलियम वापरते, म्हणजे वरचं घर नवं आणि पाया त्या फोनबरोबर आलेल्या जुन्या अँड्रॉइड ड्रायव्हरांचा. पोस्टमार्केटओएस या आणखी एका खुल्या सिस्टिमचे लोक मूळ लिनक्स कर्नलच फोनवर आणायच्या मागे आहेत. काम संथ आहे, रोजच्या वापरात खूप काही अडतं, पण लांब पल्ल्यासाठी माझी पसंती त्यांनाच.

मोठ्या बाजारात तिसरी जागा यातल्या कोणाला मिळेल असं मला वाटत नाही. हुआवेने आपल्या हार्मनीओएस नेक्स्ट या सिस्टिममधून २०२४ मध्ये अँड्रॉइड ॲपचा आधार काढून टाकला आणि तरी निभावलं. पण त्यांचे स्वतःचे कारखाने, स्वतःच्या चिप, आणि ज्या चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासून नव्हत्या तिथलं गिऱ्हाईक. बाकीच्यांनी हजारांतल्या वापरकर्त्यांवर जगायला शिकावं. शिकतातही.

एवढं करूनही टाकायची ठरलीच, तर बूटलोडर उघडू देणाराच फोन घ्या. काही कंपन्या ते मुळीच उघडू देत नाहीत. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बॅकअप, आणि परत फिरायची वेळ आली तर लागेल म्हणून मूळ फर्मवेअर (फोनबरोबर आलेली सिस्टिम) कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. पहिले काही दिवस जादाचं सिम घालून वापरा. बँकेचे ओटीपी येतात ते सिम सगळ्यात शेवटी हलवा.