हरिकेन आणि टॉर्नेडो: फ्लोरिडा-टेक्सासच्या किनाऱ्यावर नवीन आलेल्यांनी तयारी कशी करायची

टँपा, फोर्ट मायर्स, ह्यूस्टन, समुद्राजवळ कुठेही जॉब लागला आणि जून उजाडला की आपल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. कॅटेगरी किती, पाणी किती घ्यायचं, ऑफिस बंद असणार का. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या गणपती-नवरात्रात. त्यामुळे हॉल बुक करताना सुद्धा एक डोळा मॅपवर ठेवावा लागतो. पण कॅटेगरी किती हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा नसतो, आणि तो का नाही ते आधी सांगतो कारण बाकीची सगळी तयारी त्यावर उभी आहे.

कॅटेगरी १ ते ५ हे फक्त वाऱ्याचं माप. ताशी ११९ किलोमीटरला हरिकेन सुरू होतं, १७८ ला कॅटेगरी ३ आणि २५२ च्या पुढे ५. समुद्र किती आत येणार, पाऊस किती पडणार, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. २००८ चं आइक कॅटेगरी २ होतं, दोनच तर आहे म्हणून लोक थांबले आणि टेक्सासच्या बोलिव्हर पेनिन्सुलावर समुद्र १५-२० फूट चढला, ओळीच्या ओळी घरं गेली. २०१७ चं हार्वी तर ह्यूस्टन बुडवत होतं तेव्हा हरिकेनही राहिलं नव्हतं, वारा पडलेला, फक्त ते जागचं हलेना. नेदरलंड नावाच्या गावात काही दिवसांत ६०.५८ इंच पाऊस झाला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त समजवायची गरज नाही.

इथले जुने लोक म्हणतात, पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. एवढं डोक्यात ठेवलंत की कधी गाडी काढायची आणि कधी घरातच बसायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

आधी झोन बघा, आजच

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर जाऊन आपला पत्ता टाका आणि इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडून निघायचा झोन, कोणता ते बघा. फ्लोरिडात ए, बी, सी असे असतात, ए म्हणजे सगळ्यात आधी निघायचं. ह्यूस्टनकडे झिप कोडवरून झोन ठरतात. इथे एक घोळ खूप जण करतात, घर घेताना मॉर्टगेजवाल्याने सांगितलेला फ्लड झोन वेगळा आणि हा इव्हॅक्युएशन झोन वेगळा. फ्लड झोन इन्शुरन्ससाठी, हा जीव वाचवायला. "आमचं एक्स झोनमधे आहे (म्हणजे कमी धोक्याच्या फ्लड झोनमधे), काही होत नाही" म्हणणारा माणूस इव्हॅक्युएशनच्या ए मधे असू शकतो.

झोनमधे असाल आणि ऑर्डर निघाली तर निघा, वाद नको. सप्टेंबर २०२४ मधे हेलीन टँपापासून शंभर मैलांहून लांबून गेलं, वारा फार नव्हता, लोक टीव्ही बघत घरीच बसले आणि रात्री टँपाशेजारच्या पिनेलस काउंटीत समुद्र घरात शिरला, माणसं घरातच बुडून गेली. वादळाचा डोळा, म्हणजे मधला भाग, कुठे जाणार यावर स्टॉर्म सर्जचं, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचं, काहीच ठरत नाही असं नाही, पण तो लांबून जातोय म्हणून आपण सुटलो असं अजिबात नाही.

आणि झोनमधे नसाल, घर पक्कं असेल, तर उगाच पळू नका. हे पण तितकंच महत्त्वाचं. २००५ मधे कत्रीनानंतर तीन-चार आठवड्यांत रीटा आलं, घाबरून अख्खं ह्यूस्टन रस्त्यावर उतरलं, शंभर मैलांचे ट्रॅफिक जाम, गाड्यांतलं गॅस म्हणजे पेट्रोल संपलं, उन्हाने माणसं गेली, वृद्धाश्रमाची एक बस पेटली. वादळात गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक त्या पळापळीत गेले. जायचं झालं तरी अटलांटाला जायची गरज नसते, बीचजवळून वेस्ली चॅपेलसारख्या आतल्या भागात मित्राच्या घरी गेलात तरी काम झालं, फक्त त्याचा झोन पण बघून घ्या आणि त्याला मे महिन्यातच विचारून ठेवा, आदल्या रात्री नको. मोबाइल होममधे, म्हणजे आणून ठेवलेल्या हलक्या तयार घरात, राहत असाल तर झोन कुठलाही असो, तिथे थांबायचं नाही.

तो पांढरा कोन नीट वाचा

टीव्हीवर जो कोन दाखवतात त्यात वादळाचा मध्य कुठे असू शकतो एवढंच असतं, तेही साधारण तीनपैकी दोन वेळा. वादळाची रुंदी त्यात नसते, कोनाबाहेर असलात तरी झोडपलं जाऊ शकता. आणि मधली रेघ बघून बसणं हा तर सगळ्यात वाईट नाद. २०२२ ला इयन टँपावर येणार म्हणून सगळ्यांचं लक्ष टँपाकडे, ते वळलं फोर्ट मायर्सकडे, आणि तिथे निघायची ऑर्डर उशिरा निघाली असं नंतर खूप बोललं गेलं.

हरिकेन वॉच म्हणजे साधारण ४८ तास हातात, वॉर्निंग म्हणजे ३६. हे तास वादळ किनाऱ्याला लागायचे नाहीत, जोराचा वारा सुरू व्हायचे आहेत. एकदा तो सुरू झाला की बाहेरची कामं संपली, म्हणून बाल्कनीतल्या खुर्च्या, कुंड्या, ग्रिल, तुळशीवृंदावन सुद्धा, वॉचलाच आत घ्या. खिडक्यांना टेपचे एक्स मारू नका, काही उपयोग नाही, काच फुटतेच, उलट मोठे धारदार तुकडे होतात. शटर किंवा चांगलं जाड, पाऊण इंचाच्या आसपासचं प्लायवूड. भाड्याने असाल तर लीजिंग ऑफिसला मेल करून विचारा ते काय करणार आहेत. स्वतःचं घर असेल तर गराजचं दार बघा, घरातली सगळ्यात कच्ची जागा तीच असते, ते आत गेलं की वारा घरात शिरून छप्पर वर उचलतो.

इन्शुरन्स, वादळ नसताना

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत बाहेरून आलेलं पुराचं पाणी धरत नाहीत. फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत तो सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. त्यामुळे वादळाला नाव पडल्यावर धावपळ करून काही मिळत नाही. फ्लोरिडात हरिकेनचं डिडक्टिबल सहसा टक्क्यांत असतं, ४ लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार डॉलर तुमच्या खिशातून. भाडेकरूंना पण आपल्या सामानासाठी फ्लड पॉलिसी मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती कागदपत्रं काढलीच आहेत तर फोन घेऊन घरभर फिरा, कपाटं ड्रॉवर उघडून व्हिडिओ काढा, टीव्हीच्या मागचा सिरियल नंबर सुद्धा, आणि क्लाउडवर टाका.

पाणी, खाणं, औषधं

माणशी रोज एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, निदान तीन दिवसांचं, आणि खरं तर आठवड्याचं धरा. जुलै २०२४ ला बेरिल आलं, नुसतं कॅटेगरी १, आणि ह्यूस्टन भागात २० लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली, कित्येकांकडे आठवडाभर आली नाही, ते पण टेक्ससच्या जुलैमधे एसीशिवाय.

पाण्यासाठी स्टोअरमधे भांडाभांडी करायची गरज नाही. बाटल्यांचे रॅक रिकामे बघून नवरा-बायको हवालदिल होतात, आणि घरात आलेली आई म्हणते अरे नळाला पाणी येतंय ना, मग भरून ठेवू की. तिला पाणी जायच्या आदल्या दिवसाची सवय आहे, ती कुकर, पातेली, स्टीलचे डबे, इडलीपात्र, सगळं घासून भरून वर झाकण्या ठेवते, आणि बरोबर तेच करायचं असतं. वादळाआधीचं नळाचं पाणी स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलं तर चालतं. बाथटब पण भरा, ते प्यायला नाही, फ्लशला.

खाण्याचं आपलं बरं असतं. दशम्या, खाकरे, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू, यातलं काहीच फ्रिज मागत नाही. इलेक्ट्रिक शेगडी चालणार नाही हे धरून चाला. चहासाठी कॅम्पिंगचा स्टोव्ह घेतलात तर तो घराबाहेर, मोकळ्यावर लावायचा, गराजमधे दार उघडं ठेवून पण नाही. जनरेटरचंही तेच, घरापासून २० फूट लांब आणि धूर खिडकीकडे येणार नाही असा. वादळानंतर दर वेळी कार्बन मोनॉक्साइडने लोक जातात, त्याला वास नाही काही नाही, झोपेतच संपतं, म्हणून बॅटरीवाला अलार्म लावाच. फ्रिज उघडू नका, बंद राहिला तर ४ तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास.

गाडीत गॅस अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, थोडी कॅश ठेवा कारण वीज नसली की कार्ड चालत नाही. ईव्ही असेल तर ती आधीच उंचावर नेऊन लावा, खारं पाणी बॅटरीत गेलं की गाडी नंतर कधीही पेट घेऊ शकते, इयन आणि हेलीननंतर हे बरंच झालंय. आई-बाबांची बीपी-शुगरची औषधं भारतातून मोजून आणलेली असतात, त्यांचं प्रिस्क्रिप्शन आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचा नंबर वेगळा काढून ठेवा. इन्शुलिन असेल तर कूलर आणि बर्फ लागेल.

आणि एक झिपलॉक पिशवी, पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचं पत्र), ओसीआय कार्ड, मुलांचे बर्थ सर्टिफिकेट, लीज, पॉलिसी. भिजलेला व्हिसा स्टँप परत मिळवायला काय लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

टॉर्नेडो वेगळा

हरिकेनला दिवस मिळतात, टॉर्नेडोला मिनिटं. कधी दहा-पंधरा, कधी तेवढीही नाहीत. आणि किनाऱ्यावरचे बरेचसे हरिकेनच्याच पोटातून येतात, वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून, जास्त करून पुढच्या उजव्या बाजूला. पावसात गुंडाळलेले असल्याने सिनेमातलं ते सोंड लोंबणारं दृश्य दिसतच नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा की नावाच्या बेटाला लागायला अजून काही तास होते, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर फोर्ट पियर्सजवळ टॉर्नेडोने ६ जण गेले. सगळं राज्य पश्चिमेकडे बघत होतं.

वॉच म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे दिसलाय किंवा रडारवर आलाय, उठा आणि लपा. बाहेर जाऊन बघायचं नाही, व्हिडिओ नाही, गाडीत बसून पळायचं नाही. घरातली सगळ्यात खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकी नसलेली जागा, म्हणजे बहुतेक घरात बाथरूम किंवा जिन्याखालचं क्लोजेट. किनाऱ्यावर बेसमेंट नसतंच. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. खिडक्या उघडल्या की दाब कमी होऊन घर वाचतं हे खोटं आहे.

ते क्लोजेट आज उघडून बघा, भारतातून आलेल्या बॅगा, गणपतीचं मखर, कॉस्टकोच्या टिश्यूंचा ढीग, त्यात चार माणसं मावणार आहेत का. नसतील तर जागा करा. आत सायकलची हेल्मेटं, प्रत्येकाचे बंद शूज, टॉर्च आणि एक शिट्टी ठेवा. शूज यासाठी की नंतर काचांवरूनच बाहेर यावं लागतं.

रात्री दोनला घरातले सगळे फोन एकदम किंचाळतात तेव्हा अलर्ट इंग्रजीत किंवा स्पॅनिशमधे असतो आणि आई-बाबांना तो भूकंप वाटतो की चोर हे कळत नाही. त्यांच्या फोनवर अलर्ट चालू आहेत का बघा, तो आवाज कसा असतो ते यूट्यूबवर ऐकवा आणि सांगून ठेवा, हा आवाज आला की चष्मा घ्यायचा आणि थेट बाथरूम, आम्हाला हाका मारत बसायचं नाही. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ पण घ्या, टॉवर पडला की फोन नुसता ठोकळा राहतो.

वादळ डोक्यावर आणि नंतर

मधेच एकदम शांत झालं, आकाश उघडलं, तर तो डोळा आहे. बाहेर पडू नका, थोड्या वेळात उलट्या दिशेने वारा तितकाच जोरात येतो. पाणी घरात चढायला लागलं तर वर जा, पण बंद माळ्यावर नाही, तिथे अडकलात तर बाहेर यायला वाट नसते.

नंतर साचलेल्या पाण्यात उतरू नका, त्यात तुटलेली वायर असू शकते, ड्रेनेज असतं, आणि किनाऱ्यावर व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो जो पायावरच्या छोट्या जखमेतून शिरून जीव घेतो. फुटभर पाणी लहान गाडी तरंगवतं, अंडरपासमधे घालायच्या आधी हे आठवा. भिजलेलं कार्पेट, गाद्या एक-दोन दिवसांत बुरशी धरतात, ते फेकायचं पण आधी फोटो काढून, फोटोशिवाय क्लेमवाला विश्वास ठेवत नाही. दारावर येऊन "आत्ता सही करा, छप्पर फुकट करून देतो" म्हणणाऱ्याला सही देऊ नका, त्याच्या लायसनचा नंबर घ्या आणि राज्याच्या वेबसाइटवर तपासा.

फेमाची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, रोख मदत एच-१बी वर्क व्हिसावर असलेल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही. पण घरात इथे जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असलेलं अठराच्या आतलं मूल असेल तर त्याच्या वतीने आई-बाप अर्ज करू शकतात, म्हणून ते बर्थ सर्टिफिकेट आणि मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर झिपलॉकमधे सगळ्यात वर ठेवा. अर्जाला मुदत असते, ती जाहीर होते, आणि पहिलं उत्तर नकाराचं आलं तर बऱ्याचदा एखादा कागद कमी पडलेला असतो, तो जोडून अपील करता येतं.