ओझे उचलताना कंबर सांभाळण्याची रीत

अंगमेहनतीच्या कामात कंबरेत उसण भरली की आपण दोष वजनाला देतो. पण पुष्कळदा ते वजन शरीरापासून किती लांब धरले होते, यावरच सारे ठरलेले असते. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने ओझे उचलण्याचे जे सूत्र मांडले आहे, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरली आहे. अनुकूल म्हणजे ओझे घोट्यांपासून सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावर, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आणि पकड पक्की. तेच ओझे ५० सेंटिमीटर लांब धरले, तर ही मर्यादा निम्म्यावर येते. त्यामुळे जड गोणी खाली न ठेवता कमरेएवढ्या उंचीच्या ओट्यावर ठेवण्याची सोय केली, तर निम्मे काम आधीच हलके होते.

उचलण्यापूर्वी ओझे कुठे ठेवायचे आणि वाटेत काय आडवे येते, हे पाहून घ्यावे. एक कोपरा किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. खोके मोठे असले म्हणजे जड असतेच असे नाही, आणि लहान खोके कधी कधी अगदीच फसवते. पाय खांद्याइतके फाकवून, एक पाऊल जरासे पुढे ठेवून, गुडघे व खुबे वाकवून ओझ्याजवळ जावे, ते पोटाशी घ्यावे आणि पायांच्या जोरावर सावकाश उठावे. वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पावले टाकून वळावे, कारण वाकणे आणि पिळणे एकदम झाले की मणक्यांमधील चकत्यांवर फार ताण येतो. हातगाडी असल्यास ती ओढण्यापेक्षा ढकलणे बरे.

कंबरपट्टा बांधला म्हणजे वाटेल तेवढे उचलता येते, हा समज सोडून द्यावा. त्याने दुखापत टळते असे सिद्ध झालेले नाही.

हातमोज्यांबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. धारदार पत्रा किंवा खडबडीत लाकूड हाताळताना ते घालावेत, पण फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर काम करताना काढून ठेवावेत, कारण मोज्याचे टोक अडकले तर यंत्र हातच आत ओढून घेते. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून फुलले असेल, तर ते घासून नीट केल्याशिवाय वापरू नये. त्याच्या उडालेल्या कपच्या थेट डोळ्यात जातात. म्हणून छिन्नी नवी असो वा जुनी, सुरक्षा-चष्मा लावलेलाच असावा.

शिडी टेकवताना तिचा वरचा टेकू जितका उंच, त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर भिंतीपासून तिचे पाय ठेवावेत, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, सतत शिडीवर राहिले पाहिजेत. म्हणून अवजारे हातात न धरता कमरेच्या पिशवीत ठेवावीत.

उन्हात काम असेल तर तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. हात थरथरू लागले, पकड सैल पडू लागली किंवा ‘एवढी एकच खेप’ असे मनात आले, की ओझे खाली ठेवून बसावे. उसण भरल्यावर पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर शेक घेत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे.