वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची चौकशी आली तर: आरोग्य शिबिर भरवणाऱ्या मंडळांसाठी आणि सोसायट्यांसाठी

पुण्यातील अनेक गणेश मंडळे आणि गृहनिर्माण सोसायट्या आरोग्य शिबिरे भरवून वजन, रक्तदाब आणि साखर तपासून देतात. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड हे ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच असल्याने स्वस्त पर्यायांची वाटही मोकळी झाली. त्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यायचे ते इंजेक्शन आपल्याला चालेल का, हा प्रश्न शिबिरात येणारच, असे धरून तयारी करावी. ज्याला औषधाची खरी गरज आहे त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे आणि ज्याला ती नाही त्याला त्यापासून परावृत्त करणे, ही शिबिराची दोन्ही कामे सारख्याच मोलाची आहेत.

वजनकाट्याबरोबर कंबर मोजण्यासाठी मोजपट्टी अवश्य ठेवावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगालगत, श्वास सहज सोडल्यानंतर पट्टी धरावी. पोट आत ओढू देऊ नये. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. हा आग्रह पुण्यात तरी कोणाला अनाठायी वाटू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरातील २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते, हे या शहरातील संशोधनाने जगाला दाखवले. म्हणून बीएमआय बेताचा पण कंबर मर्यादेपलीकडे असेल, तर त्या व्यक्तीची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगावे. मात्र केवळ तेवढ्यावरून तिच्यासमोर इंजेक्शनचा विषय काढू नये.

बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असणे, अथवा तो २७ किंवा अधिक असून सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा वजनाशी निगडित आजार असणे, ही या औषधांसाठीची सर्वसाधारण अट आहे. या गटातील माणसाला मोजमापांची चिठ्ठी देऊन त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, किंवा ससूनसारख्या सरकारी अथवा महापालिकेच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवावे. त्याच्याशी बोलताना त्याच्या खाण्याचा किंवा आळसाचा उद्धार करू नये. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे आणि ज्याला लाज वाटली तो माणूस पुन्हा तपासणीला येत नाही. लग्नाआधी चार-पाच किलो उतरवायचे आहेत म्हणून विचारणाऱ्याला मात्र हे औषध त्यासाठी नाही, असे स्पष्ट सांगावे.

फायदा सांगताना तो पूर्ण सांगावा आणि त्याची मर्यादाही त्याच वेळी सांगावी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के उतरले. हृदयविकार असलेल्या जाड व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये दिसले, आणि माझ्या दृष्टीने वजनाच्या आकड्यापेक्षा हीच बाब अधिक महत्त्वाची आहे. मात्र औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. त्यामुळे दोन-तीन महिनेच परवडेल एवढा पैसा हाताशी असेल, तर सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांशी खर्चाविषयी मोकळेपणाने बोलावे.

वजनासोबत स्नायूही घटतात. त्यासाठी डाळ, मोड आलेली कडधान्ये, दही, पनीर, अंडी यांचे प्रमाण वाढवावे आणि पर्वती चढण्यासारख्या व्यायामाला स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड द्यावी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बहुधा मात्रा वाढवताना होतात. म्हणूनच सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी आणि न थांबणारी कळ आली, तर पुढचा डोस न घेता लगेच रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रियांनी, तसेच स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ या प्रकारचा कर्करोग झालेला असलेल्यांनी हे औषध घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

शिबिरात ही इंजेक्शने वाटू नयेत, विकू नयेत आणि त्यांचा फलकही लावू नये. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यावरील औषधाची लोकांपुढे जाहिरात करणे कायद्यात बसत नाही. औषध विकणाऱ्याकडून मंडपाचा खर्च घेणेही टाळावे, कारण ज्याच्या पैशाने शिबिर चालते त्याच्या औषधाला ‘तुम्हाला नको’ असे सांगणे कार्यकर्त्याला जड जाते. औषध परवानाधारक दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि बिल घेऊनच आणावे, हे प्रत्येकाला बजावावे; इंजेक्शनचे न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. सुई बदलली तरी एक पेन दोघांनी वापरू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आहेत. एवढ्या लोकांना दर आठवड्याला इंजेक्शन देणे कोणत्याही महापालिकेच्या आवाक्यातले नाही. डिसेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही या औषधांची शिफारस सशर्तच केली आणि आहार-व्यायामाची जोड देण्याचे सुचवले. म्हणून शिबिराच्या दिवशीच मंडळाने आपल्या हातातील गोष्टी ठरवाव्यात: कार्यकर्त्यांच्या नाश्त्यात वडापावाऐवजी उसळ, शाळेचे मैदान संध्याकाळी खुले राहावे यासाठी पाठपुरावा, आणि पदपथावरील अडथळ्यांची क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार.

नोंदवहीत नाव आणि मोजमापे संमतीने लिहून घ्यावीत व ती इतरांना दाखवू नयेत. तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करावा. ज्याने इंजेक्शन सुरू केले असेल त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: मात्रा कोण ठरवते, शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि जेवण पुरेसे जाते का. मात्रा दुकानदार ठरवत असेल किंवा जेवण अगदीच तुटले असेल, तर पुढच्या इंजेक्शनची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.