लघुकथेचे घटक पाठ आहेत, तरी कथा जमत नाही? या चुका टाळा

मे-जून उजाडला की 'दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवा' असे निरोप फिरू लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर कथांचा ढीग साचतो. पहिली चाळणी माझ्याकडे असते. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतला नवा कथालेखक बहुधा याच दाराने आत येतो. दारात बसणाऱ्याला सगळे नमुने बघायला मिळतात.

हल्ली कथेबरोबर एक पत्र असतं. 'कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, संघर्ष, शेवट हे सर्व घटक कथेत आणण्याचा नम्र प्रयत्न केला आहे.' प्रयत्न खरोखरच केलेला असतो. रेशनकार्डाच्या अर्जासारखा एकेक रकाना भरलेला, कुठेही खाडाखोड नाही. कथेचा मात्र पत्ता नसतो. घटकांची यादी यंत्राला देऊन कथा लिहून घेणारेही आता येऊ लागलेत. त्यांच्याकडे सगळे घटक समसमान वाटलेले असतात, तेवढ्यावरूनच ओळखू येतात.

तर चुका. काही किरकोळ आहेत, त्या भराभर सांगेन. दोन-तीन मात्र डोकं उठवणाऱ्या आहेत.

कुणालाच काही नको असतं

निवृत्त होणारा एसटी कंडक्टर हा विषय माझ्याकडे हमखास येतो. येतो तो असा: तो सकाळी उठतो, गणवेशाला इस्त्री करतो, बायको पदराने डोळे पुसते. मग नोकरीतली सगळी वर्षं आठवतात. पूर, संप, गाडीतच झालेलं एका बाईचं बाळंतपण. संध्याकाळी डेपोत हार घालतात, तो घरी येतो, देवाला नमस्कार करतो. संपली कथा. पात्र आहे, वातावरण आहे, भावना तर बादलीभर. पण या माणसाला आज हवंय काय? लेखकाला विचारलं की उत्तर येतं, "त्याला निवृत्तीचं दुःख आहे ना!" असेल बापडं. नुसतं दुःख घेऊन माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहू शकतो आणि या कथेत तो तेच करतो.

आता त्याच माणसाला शेवटच्या फेरीनंतर कॅश भरायच्या खिडकीसमोर उभा करा. तिकिटाचं मशीन सांगतंय 4,310 रुपये. पिशवीतून निघतात 4,250. तो पुन्हा मोजतो. दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, चिल्लरीच्या चवडी. साठ रुपये कमीच. मागे दोन ड्रायव्हर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे आहेत, कुणीतरी हारही आणलाय. वरच्या खिशात स्वतःची शंभराची नोट आहे. ती सरकवली की मिटलं. पण खिशातले पैसे घालून हिशेब जुळवणाऱ्यांना त्याने आयुष्यभर नावं ठेवलीत. आणि शेवटच्या फेरीत एका घाईतल्या माणसाला सुटे दिले, तेव्हा नोटा नीट मोजल्या होत्या का, ते काही केल्या आठवत नाही.

त्याला काय हवंय? शेवटचा हिशेब चोख हवाय. आडवं काय आलंय? साठ रुपये. पूर लागला नाही, बाळंतपण लागलं नाही. एवढ्या वर्षांची नोकरी वेगळी सांगावी लागली नाही, ती नोटा लावायच्या पद्धतीतच दिसते. व्यक्तिचित्रण, वातावरण, संघर्ष असे तुमच्या पत्रातले तीन घटक त्या एका खिडकीपाशी जमले, तेही न बोलावता.

माझी सवय सांगते. कथा हातात आली की पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने 'काय हवंय?' एवढंच लिहिते. दुसरं पान संपेपर्यंत उत्तर मिळालं नाही तर कथा बाजूला. एखाद्यावर यात अन्याय होत असेल. होवो.

इथे कुणीतरी नवकथेचं नाव काढतंच. "नवकथेत कुठे होतं कथानक?" 1945 च्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी घटनांची साखळी सैल केली, हे खरं. पण त्यांच्या माणसांच्या मनात जी ओढाताण चालते, तिने वाचक जागचा हलत नाही. तुमच्या माणसाच्या आत काही चाललेलंच नसेल तर तो निवृत्ती समारंभाचा वृत्तान्त झाला. तो पतपेढीच्या स्मरणिकेला द्या, ते आनंदाने छापतील.

गावाकडचा म्हटला की 'म्या' आणि 'न्हाय'

शहरातल्या लेखकाने गावातलं पात्र घेतलं की ते 'म्या', 'व्हय', 'न्हाय', 'लई' असं बोलू लागतं. गाव सावंतवाडीजवळचं असो नाहीतर वर्ध्याकडचं, भाषा एकच. ही सिनेमातून उचललेली गावरान भाषा. मालवणी माणूस 'माका', 'तुका' म्हणतो. वऱ्हाडातला 'मले', 'तुले' म्हणतो, 'काऊन' विचारतो, 'करून राह्यलो' म्हणतो. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. आणि एखाद्याने ते बरोबर लिहून पाठवलं तर मुद्रितशोधक 'आले', 'जाते' करून टाकतो, तो वैताग वेगळाच.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाची कथा आली. अमरावती जिल्ह्यातलं गाव, घरात येऊन पडलेला कापूस, भाव पाडून मागणारा दलाल, सासऱ्याच्या आजारपणासाठी त्याच्याकडूनच घेतलेली उचल. आणि सुनेला कापूस दुसरीकडे विकायचाय. म्हणजे 'काय हवंय'चं उत्तर पहिल्याच पानावर. असं क्वचित होतं, म्हणून मी त्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, तुझी वऱ्हाडातली शेतकरीण साताऱ्याची असल्यासारखी बोलतेय. तिकडे 'मला' म्हणत नाहीत, 'मले' म्हणतात. तिकडच्या कुणाशी आठ-पंधरा दिवस गप्पा मार, कान दे, मग संवाद नव्याने लिही. घाई नाही, अंकाला वेळ आहे.

"हो ताई," म्हणाला. अर्ध्या तासात कथा परत आली.

पहिल्याच ओळीत 'बैल दारात येऊन उभा राहिले.' पुढे दलालाचा सगळीकडे 'दलेल' झालेला. चुलीत ओली लेकडं धुपत होती. सुनेला चारचौघांत बोलायची लेज वाटत होती. आणि ज्या वाक्यावर कथा उभी होती, 'सासरा पहाटेच गेला', तिथे 'सासरा पहाटेच गेले'. पठ्ठ्याने संगणकाला हुकूम सोडला होता: 'ला' दिसेल तिथे 'ले' कर. संवादातही आणि निवेदनातही. आणि एकदाही न वाचता पाठवून मोकळा.

मी फोन केला. तो म्हणाला, "पण ताई, 'मले' झालं ना बरोबर?"

झालं होतं. 'मले' सगळीकडे अगदी अचूक होतं.

ती कथा त्या अंकात गेली नाही. पुढच्या वर्षी त्याने दुसरी पाठवली, पुण्यातल्या फ्लॅटमधली. बोलीची कटकटच नको म्हणून. कापसाची कथा तशीच पडली याचं मला अजून वाईट वाटतं.

बोली येत नसेल तर माझं म्हणणं सोपं आहे. संवाद साध्या मराठीत लिहा, वाक्यं आखूड ठेवा आणि त्या माणसाच्या रोजच्या कामातले शब्द तेवढे पक्के करा. वऱ्हाडातली बाई कपाशीच्या झाडाला 'पऱ्हाटी' म्हणाली की पुरे, तिच्या क्रियापदांना पीळ द्यायची गरज नाही. आणि बोली वापरायचीच असेल तर त्या भागातल्या माणसाला फक्त संवाद मोठ्याने वाचून दाखवा. कथा सांगू नका, नाहीतर तो कथेचं कौतुक करत बसेल. तो जिथे हसेल तिथे खूण करा. विनोद नसताना हसला असेल तर ते वाक्य गेलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री टिपूर चांदणं

दिवाळी अंकाला कथा पाठवणाऱ्यांनी तरी हे करू नये. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं हो! तरीही नायिका ओसरीवर चांदण्यात न्हाऊन निघते. याच जातीचे बाकीचे नमुने: कोकणात मे महिन्यात डोलणारी हिरवीगार भातशेती (लावणी आषाढाच्या सुमाराची, कापणी दसरा-दिवाळीच्या), गणपतीत मोहरलेला आंबा, थंडीत फुललेला गुलमोहर. वातावरण म्हणजे सुरुवातीला चिकटवायचा निसर्गाचा परिच्छेद, असा समज असला की हे होतं. मी कथेच्या वर महिना आणि तिथी लिहून ठेवायला सांगते. छापायला नाही, स्वतःला आठवण म्हणून. आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघायला दोन मिनिटं लागतात.

निवेदक भिंतीतून आरपार जातो

कथा सुनेच्या नजरेतून चाललेली असते. ती दारात उभी आहे, आतलं बोलणं ऐकतेय, आपणही तिच्याबरोबर कान लावून आहोत. आणि मध्येच वाक्य येतं: 'दलालाला मनातून तिची दया आली.' तुम्हाला कसं कळलं? ती दाराबाहेर आहे ना? त्याला दया आली हे तिला दिसू द्या. त्याने हिशेबाची वही मिटली, पुन्हा उघडली, एवढं तिला दाराच्या फटीतून दिसलं तरी भागतं. त्याचा अर्थ तिने चुकीचा लावला तर आणखी बहार. सगळ्यांच्या मनातलं सांगणारा निवेदक चालतो, पण त्याने पहिल्या ओळीपासून तसं असावं. तीन पानं एकीच्या डोळ्यांनी बघून चौथ्या पानावर देव होता येत नाही.

याच्याच जवळची गंमत म्हणजे 'मी'ची कथा, जिची शेवटची ओळ असते 'आणि माझे डोळे मिटले ते कायमचेच.' मग एवढा वेळ बोलत कोण होतं?

किरकोळ, पण रोजच्या

गजर, आळस, चहा, खिडकीतून आलेली कोवळी किरणं. कथा उठून दात घासेपर्यंत वाचक निघून जातो. पहिलं अर्धं पान सरळ काढून टाका आणि उरलेलं वाचा. बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन हजार शब्दांत नऊ-दहा पात्रं, त्यांत एक स्नेहा, एक स्नेहल आणि एक सुनेत्रा. नावांची पहिली अक्षरं तरी वेगळी ठेवा.

'ती सुंदर, सालस, सोज्ज्वळ होती.' बरं. मग?

कथेत कर्करोग, घटस्फोट, जमिनीचा दावा आणि अमेरिकेतला मुलगा, सगळे एकत्र नांदतात. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कथाकाराने 1842 मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा रोख एकाच परिणामावर असावा. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातही 'एकसंध परिणाम' शिकवतात, परीक्षेत लिहून मार्कही मिळवतात. लिहायला बसलं की एकाच कथेत तीन कादंबऱ्यांचा ऐवज कोंबतात.

शेवटी धक्का द्यायचाच, हा हट्ट

'...आणि आईच्या हाकेने त्याला जाग आली.' किंवा 'अहो, ते तर तीन वर्षांपूर्वीच वारले!' रात्रीचा घाट, लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई, पुढच्या टपरीवर चहावाल्याने सांगितलेली हकीकत. ही कथा मला इतकी पाठ आहे की साडीचा रंग आला की मी चहावाल्याची वाट बघते.

धक्क्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो धक्क्यासाठी आधीची सहा पानं खोटं बोलण्याला. शेवट कळल्यावर कथा पुन्हा वाचली तर आधीच्या खुणा सापडल्या पाहिजेत. चहावाल्याच्या कथेत पुन्हा वाचण्यासारखं काही उरतच नाही.

कार्यशाळेत मी कंडक्टरची गोष्ट अर्ध्यावर सोडते आणि शेवट विचारते. ठरलेली उत्तरं येतात. साठ रुपये पिशवीच्या अस्तरात सापडतात. ड्रायव्हर वर्गणी काढून भरतात. तो घाईतला प्रवासी धावत येऊन पैसे परत देतो. साहेब म्हणतात, 'तुमच्या प्रामाणिकपणापुढे साठ रुपये काय!' टाळ्या. सगळ्यांना अडचण घालवायची घाई, आणि तीही दुसऱ्याच कुणाकडून. त्या माणसाने स्वतः काही करायला नको का? एकदा मागच्या रांगेतल्या बाईंनी सांगितलं: तो शंभराची नोट सरकवतो, कारकून चाळीस परत देतो आणि तो ते चाळीस नीट मोजून घेतो. बाईंना म्हटलं, इथेच बसून लिहून काढा. बाकीच्यांना हा शेवट फिका वाटला. 'पुढे काय झालं ते कळलं नाही,' म्हणाले.

शेवट लिहून झाला की मी शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचते. आधीच्या परिच्छेदावर थांबली तरी चालतेय असं वाटलं तर झाकलेला परिच्छेद काढते. त्यात बहुधा लेखकाने कथेचं तात्पर्य सांगितलेलं असतं.

पाठवताना

शब्दमर्यादा दोन हजार असेल तर साडेचार हजार शब्द पाठवून 'योग्य वाटेल तिथे कापावे' असं लिहू नका. कात्री तुमची तुम्ही चालवा. फाइल युनिकोडमध्ये असू द्या, जुन्या फॉन्टातला मजकूर आमच्याकडे चौकोन-चौकोन होऊन येतो. कथा शेवटच्या तारखेच्या रात्री अकरा पन्नासला लिहून संपवली असेल तर ती त्या वर्षी पाठवू नका. आणि पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी 'वाचलीत का?' असा फोन करू नका. ढिगात तुमचा नंबर अजून यायचाय.