पाण्याचा गढूळपणा सेन्सरने मोजताना या चुका टाळा

मराठवाड्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यांतून, विहिरींत आणि शेततळ्यांत उतरणारे पाणी काळ्या मातीचा गाळ घेऊन येते. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की पाणी रात्रभर स्थिर ठेवले तरी ते पुरते निवळत नाही आणि तुरटी फिरवावीच लागते. अशा पाण्याचा गढूळपणा स्वस्त सेन्सर आणि आर्डुइनो किंवा ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरून मोजणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे आणि ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र पडद्यावर उमटलेला आकडा म्हणजेच पाण्याचा खरा एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक), असे गृहीत धरल्यामुळे यातील बहुतेक प्रकल्प फसतात.

बाजारात सहज मिळणारा दोन दांड्यांचा सेन्सर मुळात धुलाई यंत्रातील पाणी किती मळले आहे, हे ओळखण्यासाठी तयार झालेला प्रकार आहे. त्याच्या एका दांडीत अवरक्त प्रकाश देणारा एलईडी असतो आणि दुसरीत तो प्रकाश झेलणारा फोटोट्रान्झिस्टर असतो. पाणी स्वच्छ असेल तर समोर जास्त प्रकाश पोहोचतो आणि व्होल्टेज वाढते. गाळ वाढला की व्होल्टेज उतरते. प्रयोगशाळेतील टर्बिडिटी मीटर मात्र कणांवर आदळून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतो आणि एनटीयू हे एकक त्या पद्धतीवर आधारलेले आहे. आपला सेन्सर आरपार गेलेला प्रकाश पाहतो, म्हणून त्याच्या व्होल्टेजवरून एनटीयू काढायचा असेल तर मध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्यांशी सेन्सरचा मेळ घालणे, आलेच.

उसने सूत्र

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे व्होल्टेजवरून एनटीयू काढणारे, इंटरनेटवर सर्वत्र फिरणारे सूत्र तपासून न पाहता प्रोग्राममध्ये टाकणे. व्होल्टेजच्या वर्गाला उणे ११२०.४ ने गुणावे, त्यात व्होल्टेजची ५७४२.३ पट मिळवावी आणि ४३५२.९ वजा करावेत, असे ते सूत्र आहे. ते फक्त २.५ ते ४.२ व्होल्ट या पट्ट्यापुरते दिलेले आहे. ४.२ व्होल्टला त्याचे उत्तर जवळजवळ शून्य येते, पण ४.३ व्होल्टला ते उणे ३७७ येते, आणि उणे गढूळपणा नावाची कोणतीही गोष्ट अस्तित्वात नाही. दुसऱ्या टोकाची गफलत अधिक घातक आहे, कारण ती लक्षात येत नाही. हा वक्र सुमारे २.५६ व्होल्टला शिखर गाठून पुन्हा खाली वळतो, त्यामुळे पुराचे चिखलपाणी येऊन व्होल्टेज १ व्होल्टपर्यंत घसरले तर सूत्र केवळ २६९ एनटीयू दाखवते. म्हणजे पाणी जितके वाईट, तितका आकडा दिलासा देणारा. म्हणून प्रोग्राममध्ये या पट्ट्याबाहेरचे व्होल्टेज आले की आकडा न छापता ‘मर्यादेबाहेर’ असा संदेश देण्याची व्यवस्था करावी.

शिवाय प्रत्येक सेन्सरचे स्वच्छ पाण्यातील व्होल्टेज वेगळे असते. एखाद्याचे ४.२ ऐवजी ४.० व्होल्ट भरले, तर हेच सूत्र स्वच्छ पाण्यालाही सुमारे ६९० एनटीयू ठरवते. काही जण सेन्सर हवेत धरून शून्य ठरवतात, तेही चुकीचे आहे; हवा आणि पाणी यांत प्रकाशाचे वळणे निराळे असल्यामुळे शून्याचा बिंदू गाळलेल्या स्वच्छ पाण्यातच घ्यावा.

पिण्यायोग्यतेचा दावा

भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा स्वीकारार्ह गढूळपणा १ एनटीयू आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच ५ एनटीयूपर्यंत मुभा आहे. आर्डुइनो उनो या बोर्डातील, व्होल्टेजचा आकडा बनवणारा रूपांतरक (एडीसी) ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. वरील सूत्राचा उतार ४.२ व्होल्टजवळ इतका तीव्र आहे की या एका पायरीने उत्तर सुमारे १८ एनटीयूने बदलते. ज्या साधनाची सर्वांत लहान पायरीच १८ ची आहे, ते १ आणि ५ मधील फरक सांगू शकत नाही. एडीएस१११५ हा १६ बिटचा रूपांतरक जोडल्यास कागदावरची पायरी बारीक होते, परंतु तापमान आणि विद्युत गोंधळ यांमुळे होणारा चढउतार त्याहून मोठा राहतो. त्यामुळे प्रदर्शनातील यंत्रावर ‘पाणी पिण्यास योग्य’ असा हिरवा दिवा लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. नितळ पाण्यातही जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड असू शकतात. किनवट परिसरासह मराठवाड्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे आणि तो या सेन्सरला दिसत नाही.

जोडणी आणि प्रोग्राम

आकडा फक्त दोन टोकांच्या मूल्यांतच येत असेल, तर सेन्सरच्या छोट्या बोर्डावरील सरकबटण डिजिटल बाजूला राहिले आहे का, हे प्रथम पाहावे. आकडा १, २, ३ अशा पूर्णांकांतच उड्या मारत असेल, तर भागाकारात ५ च्या जागी ५.० लिहावे. ईएसपी३२ च्या पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब चालत नाही, म्हणून सेन्सरचे ४.५ व्होल्टपर्यंत जाणारे आउटपुट १० आणि २० किलोओहमच्या दोन रोधांच्या विभाजकातून ३ व्होल्टपर्यंत उतरवून मगच जोडावे. वायफाय सुरू असताना त्या बोर्डावरील दुसऱ्या रूपांतरकाच्या (एडीसी२) पिना वाचन देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

वीजपुरवठ्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. सेन्सर सुमारे ४० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो, म्हणून त्याला डिजिटल पिनमधून वीज देऊ नये. उनोवर सेन्सर आणि रूपांतरक एकाच ५ व्होल्टवर चालत असल्याने दाब थोडा घसरला तरी चुकीचा काही भाग आपोआप कटतो. ईएसपी३२ किंवा एडीएस१११५ वापरताना हा आधार नसतो. शेतावर मोटार सुरू होताच आकडा हलत असेल, तर दोष पाण्यात नसून पुरवठ्यात आहे, असे आधी समजावे आणि सेन्सरला रिलेपासून (मोटार चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचपासून) वेगळा, स्थिर ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा.

पाण्यातील मांडणी

सेन्सरचा वरचा, वायरीकडचा भाग जलरोधक नसतो. केवळ पारदर्शक टोक बुडवावे. उन्हातही अवरक्त किरणे असतात आणि ती फोटोट्रान्झिस्टरवर पडली की गढूळ पाणी स्वच्छ भासते, म्हणून सेन्सर काळ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवावा. टोकाला चिकटलेले हवेचे बुडबुडे उलट परिणाम करतात. नमुना बादलीत ठेवला असेल तर दरवेळी हलक्या हाताने ढवळून, बुडबुडे जाईपर्यंत थोडे थांबून वाचन घ्यावे, आणि २५ वाचनांची सरासरी न काढता मधले मूल्य घ्यावे, म्हणजे एखाद्या कचऱ्याच्या कणाने निकाल बिघडत नाही.

कॅलिब्रेशनसाठी फॉर्मेझिनचे (ठरावीक गढूळपणा असलेल्या रसायनाचे) तयार प्रमाण द्रावण वापरणे योग्य असते. ४००० एनटीयूच्या द्रावणाचे २५ मिलिलिटर घेऊन एक लिटरपर्यंत पाणी भरले की १०० एनटीयू मिळतात. फॉर्मेझिन शाळेत बनवू नये, कारण त्यातील हायड्रॅझिन सल्फेट आरोग्यास घातक आहे. माझ्या मते आपल्याकडे अधिक उपयोगी मार्ग असा आहे की, ज्या कालव्याचे किंवा शेततळ्याचे पाणी मोजायचे, त्याच पाण्याचे कमी-जास्त गढूळ असे पाच-सहा नमुने जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत मोजून घ्यावेत, त्याच दिवशी त्यांचे व्होल्टेज आणि तापमान नोंदवावे आणि स्वतःचा वक्र काढावा. काळ्या मातीचे कण आणि वाळूचे कण प्रकाश सारखा विखुरत नाहीत, त्यामुळे हा वक्र दुसऱ्या नदीच्या पाण्याला लावू नये.

ठिबकच्या वाळूच्या फिल्टरसाठी तर एनटीयूचीही गरज नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक सेन्सर बसवून दोघांच्या व्होल्टेजमधला फरक पाहिला, तर फिल्टर गाळ अडवतो आहे की नाही, हे कळते. बोअरच्या जड पाण्यात सेन्सरच्या दांड्यांवर पांढरा क्षारांचा थर आणि शेततळ्यात हिरवे शेवाळ चढते, आणि आकडा हळूहळू गढूळतेकडे सरकत जातो. आठवड्यातून एकदा लिंबाच्या रसाने किंवा पातळ व्हिनेगरने थर काढून, मऊ कापडाने पुसून, स्वच्छ पाण्यातील व्होल्टेज पुन्हा नोंदवावे. ते पहिल्या नोंदीपर्यंत परतले नाही, तर वक्र नव्याने काढावा.